निम्मा पडदा

दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून लेक ऑनलाइन सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी करायला बसली, हे काही आईच्या पचनी पडत नव्हतं.

“बरे झालेले पेशंट तुला हात जोडून जायचे. आता कोण येणारेय, बाई?”

“वर्ग चालू आहे गं, आई.”

लॅपटॉपवर चेहऱ्यांच्या चौकटीच चौकटी होत्या. सर म्हणाले, सम हजेरी क्रमांक असलेल्यांनी कॅमेरे बंद करा. बघता बघता निम्मा पडदा काळा पडला. लेकीची चौकटही.

“अगं, तू कुठे गेलीस?”

“लसी नव्हत्या, स्वच्छ पाणी नव्हतं, तेव्हा जन्मलेली निम्मी पोरं मोठी होतच नसत. सर तेच दाखवताहेत.”

मग सगळे चेहरे परत आले. कुणी जांभई देत होतं, कुणी बिस्कीट खात होतं. आईने खुर्ची जवळ ओढली.

“यातली वाचलेली कुठली गं?”

“ते कुणालाच कळत नाही.”

“वाचलेल्यालासुद्धा?”

“त्यालासुद्धा नाही.”

आईने लेकीचा दंड घट्ट धरला, आणि त्या परक्या पोरांकडे ती पाळण्यात डोकावावं तशी बघत राहिली.