तीन तासांची कॅसेट

पिंप्राळ्यातल्या आपल्या दुकानात आधार लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करायला बसला होता. शूटिंग चार तासांचं आणि कॅसेट तीन तासांची. काय ठेवायचं ते नवरीचे वडील रुपचंदभाऊ शेजारी बसून सांगत होते. माहेरपणाला आलेली नवरी सरला मागे उभी होती.

"मना टोपी-टॉवेलना सत्कार बठ्ठा ऱ्हाऊ दे," भाऊंनी आल्याआल्याच बजावलं होतं; त्यांच्या सत्काराला कुठे कात्री लागायला नको होती.

टीव्हीवर लिलाबाई आल्या. नवरीची आई. दोन्ही हातांवर आहेराच्या साड्या घेऊन लगबगीने चाललेल्या, पण कॅमेरा समोर दिसताच ताठ उभ्या राहिल्या त्या हलेचनात. मागून कोणी हाका मारत होतं, तरी पापणीसुद्धा हलली नाही.

"काकू हलतील म्हणून मी कॅमेरा धरून थांबलो," आधार हसत म्हणाला, "आणि फोटो निघेल म्हणून त्या थांबल्या."

"लोके हासतीन. हाई काप पहिले," भाऊ म्हणाले.

आधारने बटणाकडे हात नेला.

"नका कापू, आधारदादा," सरला म्हणाली. "आई एका जागी एवढा वेळ उभी राहिलेली मी जन्मात पहिल्यांदा बघतेय."

पडद्यावर लिलाबाई अजून तशाच उभ्या होत्या. भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"मंग असं कर," ते आधारला म्हणाले, "मना सत्कार काप."