पैलवानाची पाठवणी

"भाभी, त्याला आजच्या आज घालवा. उद्या कुत्री धरायची गाडी येणार. मीच सांगून आलोय," हंबीरराव दारातूनच म्हणाले आणि बोटांच्या बेचक्या खाजवू लागले.

लालबी गादीला टाके घालत होती. तिची सुई थांबली नाही. पायाशी पैलवान झोपला होता. नाव पैलवान, पण बरगड्या लांबून दिसाव्यात असा. पाठीवरचे केस झडलेले. भुंकणं तर त्यानं लालासाब गेल्यापासून सोडूनच दिलं होतं.

लालासाब म्हणजे लालबीचा नवरा, गल्लीचा पिंजारी. पेठ वडगावच्या बाजारातून त्यानं हे पिल्लू कापसाच्या गाठोड्यात घालून आणलं होतं. तो कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून निघाला की मागून हे निघायचं. लालासाब गेला आणि लालबीकडं दोघंच उरली, मुलगा गौस आणि हे कुत्रं.

"आमच्या घरात हाय का कुणाला खाज, दादा?"

"पाळणाऱ्याला बाधत न्हाय ती. सापाचं विष सापाला बाधतंय का?"

हंबीररावांचं बोलणं असंच असायचं.

आणि आळ काही अगदीच हवेतला नव्हता. पैलवान कुणाच्याही पायरीवर पसरायचा, आणि गल्लीभर खरूज माजली होती. गल्लीतल्या गुंडूला ऐन साखरपुड्याच्या सुमाराला धरली. शेजारचा जोतीराम स्टुडिओत फोटो काढून आला आणि पुढं खाजवतच फिरला. मग घरातल्या बायका, मग पोरं. गंधकाचं मलम चोपडलं की जायची, आणि गेली म्हणेपर्यंत परत यायची. संध्याकाळी कट्ट्यावर गप्पा कमी आणि खाजवणं जास्त, अशी अवस्था.

हंबीरराव तसे माणूस वाईट नव्हते. एकोणीसशे साठ-पासष्टच्या त्या काळात अख्ख्या गल्लीत लोकरीचा कोट एकच, तो त्यांचा, आणि तो त्यांनी कधी एकट्याचा मानला नाही. मुलगी बघायला जायचं असो, साखरपुडा असो, स्टुडिओत फोटो काढायचा असो की कोर्टाची तारीख असो, कोट हंबीररावांचा. कुणाला ढगळ व्हायचा, कुणाला मनगटाच्या वर राहायचा. पण तो घालून गेलेला पोरगा नकार घेऊन आला, असं कधी झालं नाही. गल्लीतल्या निम्म्या संसारांना त्या एका कोटानं उभं केलं होतं. म्हणून त्याला पाणीसुद्धा लावायचं नाही. "धुतला तर गुण जाईल," अशी हंबीररावांच्या आईची, आक्कांची ताकीद होती. दसऱ्याला फक्त एकदा उन्हात टाकायचा, तोही घडी न मोडता.

लालबीनं दोरा दातानं तोडला. "मलकापूरला धाडते. भनीकडं. गौस पोचवून येईल."

"आता कसं शान्यासारखं बोललासा!"

"पर एक काम करा, दादा. भनीच्या पोराला पोरगी बघायला जायचंय. कोट देतासा?"

"घेऊन जा की! इचारायचं काय त्यात?" हंबीरराव इतके खूश झाले, की कोट स्वतः पिशवीत घालून आणून दिला.

दुपारी गौस निघाला. एका हातात कोटाची पिशवी, दुसऱ्यात पैलवानाची दोरी. गल्ली दारादारांत उभी होती. कालपर्यंत पैलवानाला दगड मारणाऱ्या शेजारच्या चिमणाबाईनं भाकरीचा तुकडा टाकला आणि पदर डोळ्यांना लावला.

"आता का रडतीस?" जोतीराम म्हणाला.

"रडतंय कोण? धूर गेला डोळ्यात."

चूल तर कधीच विझली होती. पैलवान कोपऱ्यावर थांबला, एकदा मागं वळून बघितलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी गौस रिकाम्या हातानं परतला. कोट तिकडंच राहू दिला, म्हणाला. त्याच दिवशी गाडी गल्लीत येऊन मोकळीच गेली. त्या रात्री गौस कंदील न घेता पुन्हा बाहेर पडला आणि पहाटे मागच्या दारानं आत आला.

त्यानंतर गल्लीनं एकदा मलम लावलं आणि खाज गेली ती गेलीच. बायकांनी गोधड्या उकळल्या, पोरं रात्रीची निवांत झोपू लागली. गुंडूच्या लग्नाची गादी लालबीनंच केली, मागच्या खोलीतला कापूस पिंजून. नवरानवरी त्यावर सुखानं झोपली. कट्ट्यावर पुन्हा गप्पा सुरू झाल्या. कधीतरी पैलवानाची आठवण निघायची, आणि सगळ्यांची नजर रिकाम्या पायरीकडं जायची.

लालबी मात्र भाकऱ्या जास्त थापू लागली होती. चिमणाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"गौसची भूक वाढली व्हय गं?"

"वाढतं वय हाय."

"पंचविशीत?"

लालबी हसली आणि तवा उतरवला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी हंबीरराव फराळाचं ताट घेऊन आले. लालबीनं चहा टाकला. ते ऐसपैस बसले.

"बघा भाभी, माझं ऐकलासा म्हणून गल्ली बरी झाली. कुत्रं गेलं, खाज गेली."

"व्हय, दादा."

"कोट हाय न्हवं नीट?"

"हाय की. भाच्याचं जमलं त्यावर. मग त्याच्या दोस्तानं नेला, मग आणि कुणी. फिरतोय आळीत."

"फिरू दे, फिरू दे. शकुनाचा हाय." त्यांनी बशी तोंडाला लावली आणि डोळे मिचकावले. "पर एक सांगू? परवा मलकापूरचं एक पावणं भेटलं. तुमच्या भनीच्या आळीत खरूज माजलीया म्हणं. पयला तुमच्या भाच्याला, मग त्याच्या दोस्तास्नी. म्हंजे पैलवान झकास रुळला म्हणायचा तिथं!"

ते आपल्याच बोलण्यावर मोठ्यांदा हसले.

लालबी उठली आणि तिनं मागच्या खोलीचं दार उघडलं. अंगावरचा कापूस झटकत पैलवान बाहेर आला, आळस दिला आणि हंबीररावांच्या पायावर हनुवटी टेकून झोपला. त्याच्या पाठीवर दाट, नवे केस आले होते.