खोली बघायला आलेली माणसं

"येऊ का गं आत?" मावशीची हाक जिन्यातूनच आली. रंगाऱ्याच्या बायकोने घाईघाईने चटई गुंडाळली आणि नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. पुन्हा कोणीतरी खोली बघायला आलं होतं.

खोली त्यांचीच होती, म्हणजे भाड्याची, आणि भाडं थकलं होतं. ठेकेदार कित्येक महिने "काम आलं की फोन करतो" म्हणत होता आणि फोन काही वाजत नव्हता. बायको खोकी भरायच्या कारखान्यात जायची, तेही त्यांनी बोलावलं तर. दिवसातून एकदाच शिजवायचं, दिवा उशिरा लावायचा, बस सोडून पायी जायचं, सगळं करून झालं होतं. वाचवायला आता काही उरलंच नव्हतं. घरमालकीण मावशी तळमजल्यावर राहायची, पण कारभार चालायचा तिच्या मुलाचा, तोही दुसऱ्या शहरातून, फोनवर. त्याने हुकूम सोडला होता. नवा भाडेकरू मिळेपर्यंत यांना राहू दे, मिळाला की खोली रिकामी करून घे.

तेव्हापासून नवरा-बायकोला एकच उद्योग होता. नवा भाडेकरू मिळू द्यायचा नाही.

त्यात दोघं आता चांगलीच तरबेज झाली होती. बायको पाण्याचं रडगाणं गायची. शेजारच्यांची भांडणं तर ती अशी रंगवायची की शेजाऱ्यांनाही नवल वाटावं. शेवटचा घाव रंगाऱ्याचा असायचा. "भिंतीच्या दिसण्यावर जाऊ नका. वरून रंग मारलाय. आत सगळी ओल आहे." एवढं ऐकलं की माणसं काढता पाय घ्यायची. एक आजोबा गुडघे धरून तिसऱ्या मजल्यावर पोचले ते पाणी पिऊन तसेच उतरले. एका बाईंचं कपाट जिन्याच्या वळणावरच अडलं असतं. मावशी तेवढा वेळ बाहेर कठड्याला टेकून दम खात उभी असायची. तिच्या कानावर काही पडत नाही, याचं दोघांना बरं वाटायचं आणि लाजही वाटायची, कारण बाई वाईट नव्हती.

ओलीचं तर सरळसरळ खोटं होतं. ते बोलून झालं की रंगारी बराच वेळ भिंतीकडे पाठ करून बसायचा.

आज आलेला तरुण बसचालक होता. अंगावर अजून गणवेश होता. सोबत त्याची बायको होती. "आम्हाला खरं तर तळमजला हवा होता," ती धापा टाकत म्हणाली. "सासूबाईंना जिने झेपत नाहीत. पण मावशी म्हणाल्या, बघायला काय जातंय."

रंगाऱ्याच्या बायकोला हायसं वाटलं. हे काम सोपं होतं. तिने पाण्याचं सुरू केलं. पण बसचालकाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्याने भिंतीवर तळवा टेकवला आणि हळूहळू कोपऱ्यापर्यंत फिरवत नेला. मग खाली वाकून जमिनीलगत हात लावून पाहिला.

"आमच्याकडे इथूनच पाणी झिरपतं," तो म्हणाला. "आईला दमा आहे. रात्र रात्र बसून काढते बिचारी. ही भिंत मात्र कोरडी ठणठणीत आहे हो. काम कोणी केलंय? हात फार सफाईदार आहे."

आता रंगाऱ्याची पाळी होती. बायको त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

"मी केलंय," तो म्हणाला.

मग तो थांबेचना. राहायला आलो तेव्हा इथे पापुद्रे सुटले होते, म्हणाला. विटा दिसेपर्यंत खरवडली, बाहेरच्या अंगाने भेग बुजवली, महिनाभर तशीच उघडी ठेवून वाळू दिली. लोकांना धीर नसतो, ओल्या भिंतीवरच रंग फासतात. पुट्टीचे दोन हात, त्यावर अस्तर, मग रंग. त्यानंतर इथे डाग म्हणून पडलेला नाही. बोलता बोलता तो उठून उभा राहिला होता आणि भिंतीवर बोटं फिरवून दाखवत होता. कामावर असताना तो असा दिसायचा, हे बायको विसरूनच गेली होती. तिला त्याचा मनस्वी राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

बसचालकाने आपल्या बायकोकडे पाहिलं. "आईला उचलून आणू वर. एकदा चढली की बसली. श्वास तरी घेईल."

"घ्या मग," रंगारी म्हणाला. "भिंतीची काळजी नको."

ती दोघं मावशीला होकार सांगून खाली गेली. मावशी आत आली. इतक्या खेपा घालून आज पहिल्यांदाच ती उंबरा ओलांडून आली होती. तिने गुंडाळलेल्या चटईवरच बैठक मारली आणि कपाळाला हात लावला.

"आमची काळजी करू नका, मावशी," रंगारी म्हणाला. "आम्ही बघतो कुठेतरी."

"बघतोस डोंबल! दर वेळी बाहेर उभी राहून ऐकत होते मी. आज तेवढी तुझी जीभ आवरता आली नाही?"

रंगाऱ्याची बायको तिच्यासमोर खाली बसली.

"मुलाला दाखवायला कोणीतरी आणावं तर लागायचं," मावशी म्हणाली. "म्हणून नाही म्हणतील अशीच माणसं शोधून शोधून आणत होते रे मी. आणि तू त्यांनाच हो म्हणायला लावलंस."