रिकामी मडकी

"रिकामं!" फरहातने ओरडून सांगितलं आणि मडकं पुन्हा समुद्रात भिरकावलं. होडीच्या कडेला टेकलेल्या नझिहाने मान वर न करताच वहीत शून्य लिहिलं. सकाळपासूनचं ते एकतिसावं शून्य होतं. डुलणारं पाणी दिसू नये म्हणून ती नजर वहीतच ठेवून होती.

बारा वर्षं ती स्फॅक्स शहरातल्या विद्यापीठात बसून समोरच्या समुद्रातल्या या बेटांभोवतीच्या ऑक्टोपसचं गणित मांडत होती. एक मादी सुमारे एक लाख अंडी घालते, ही तिच्या समीकरणाची पहिली ओळ. आसरा समजून आत शिरलेले ऑक्टोपस किती मडक्यांत सापडले, किती रिकामी निघाली, हे आकडे म्हातारा कोळी फरहात दर महिन्याला कागदावर लिहून पाठवायचा. ती स्वतः कधी आली नव्हती. तिला बोट लागायची.

समीकरण म्हणत होतं, ऑक्टोपस सहा वर्षांपूर्वीच संपायला हवे होते. ते संपत नव्हते. तिने समीकरण अकरा वेळा बदललं. लेख तीनदा परत आला. आता तिला कुणाशी वाद घालायचा नव्हता, फक्त हे सगळं एकदाचं मिटवायचं होतं. मडक्यांनी ऑक्टोपस धरण्यावर बंदी घालावी, असा अहवाल तयार होता. उद्या तिची सही व्हायची होती. शेवटची मोजणी स्वतः हजर राहून करायची असा नियम, म्हणून ती आज होडीत होती.

"डॉक्टरीणबाई," फरहात दोर ओढत म्हणाला, "तुमच्या कागदावर आमचे ऑक्टोपस कधीच मेलेत. मग परवा बायकोने जेवणाला कुसकुस शिजवला, त्यात काय घातलं? भूत?"

"काका, बंदी घालायची मला हौस नाही."

"नसेल. पण सत्तराव्या वर्षी मी दुसरं काय करू? तुमच्या वर्गात येऊन बसू?"

नझिहाने सकाळपासून पहिल्यांदाच वहीतून मान वर केली.

पुढचं मडकं वर आलं. फरहातने आत डोकावलं. हे त्याने फेकलं नाही. मडक्याच्या तोंडावर तळवा ठेवला, वाकला आणि झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसं दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं.

"रिकामं."

नझिहाची पेन्सिल थांबली. "हे का नाही फेकलंत?"

"आत आई बसलीय. अंड्यांवर."

"मग रिकामं कसं?"

फरहातला तिचा प्रश्नच कळेना. "न्यायचं काही नाही ना त्यात! अंड्यांवरच्या आईला आम्ही हात लावत नाही. मोजत तर नाहीच, दृष्ट लागते. माझ्या बापानेही कधी मोजली नाही."

"आजच्या रिकाम्यांत अशी किती होती?"

तो बोटांवर मोजू लागला, मग त्याने नाद सोडला. "निम्मी तरी. मे महिना आहे, पोरी, अंडी घालायचा."

नझिहा उठली आणि डुलत्या होडीतून त्याच्याजवळ गेली. "आता निघेल ती मला दाखवा."

तिसऱ्या मडक्यात ती होती. आतल्या अंधारात भाताच्या दाण्यांसारख्या पांढऱ्या अंड्यांच्या माळा लोंबत होत्या. त्यांच्यामागून अंडी राखत कित्येक दिवस उपाशी राहिलेल्या आईचा एक डोळा तिच्याकडे पाहत होता.

फरहातने मडकं अलगद पाण्यात सोडलं. "रिकामं," तो सवयीने म्हणाला.

नझिहाने वहीत एक लिहिला. मग त्याच्यापुढे, सावकाश, पाच शून्यं काढली.