लेण्यातली पाहणी

"अहो काका! थांबा! आत माणसं आहेत!"

पद्माताईंनी लोखंडी जाळी गदागदा हलवली. बाहेरून कुलूप लागलं होतं आणि पहारेकरी दत्तात्रेय बागेतल्या वाटेनं पाठमोरा चालला होता. लेण्याच्या आतल्या दालनात आता दोघीच उरल्या, पद्माताई आणि त्यांना लेणं दाखवणारी राही.

"जेवायला गेले असतील," राही म्हणाली. "येतील. बसा ना काकू."

"बसा काय बसा! कुलूप लावताना आत डोकावायची पद्धत नाही का तुमच्याकडे?"

पद्माताईंनी मोबाइल काढला. रेंजचा पत्ता नाही. त्यांनी तो उंच धरला, कोपऱ्यात नेला, जाळीतून हात बाहेर काढून बघितला. छे!

खरं सांगायचं तर पद्माताईंना लेण्यांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. चौलहून तळे गावापर्यंत गाडीत कंबर मोडून घेतली ती या मुलीसाठी. धाकटा सुश्रुत पस्तिशी ओलांडून गेला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. जमत आलं की कुठंतरी माशी शिंकायची. या वर्षी नाही जमलं तर पोरगा असाच राहणार, या घोरानं पद्माताईंची झोप उडाली होती. त्यात हे राहीचं स्थळ आलं, पत्रिका जुळली, दोन्ही घरच्या फोटोंची देवघेव झाली. आता मुलगी बघायला जायचं. पण रीतसर गेलं की मुलगी साडी नेसून, मान खाली घालून पोहे आणते. त्यात काय कपाळ कळणार! म्हणून आधी घरातल्या बाईनं गुपचूप जाऊन मुलगी बघून यायची, ही त्यांच्या घरची जुनी चाल. त्यासाठी पद्माताईंनी सुनेचा गॉगल चढवला, फाटकावर तिकीट काढलं आणि "आम्ही दादरचे" अशी थाप ठोकून दिली.

आणि आता बसल्या अडकून.

दालनाला खिडकी नव्हती. जाळीतून येईल तेवढाच उजेड. वटवाघळांचा कुबट वास नाकात भरला होता. पद्माताईंना वाटलं, छत मघापेक्षा खाली आलंय.

"मला गुदमरतंय गं. पाणी आहे का?"

राहीनं बाटली दिली. पद्माताईंनी ती घटाघटा संपवली. राहीनं रिकामी बाटली पिशवीत ठेवली आणि डबा काढला. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं.

"तूच केलंस?"

"हो. घ्या ना."

हाताला चव आहे, पद्माताईंनी मनात टिपलं. आवाज चढवत नाही. घाबरत नाही. दुसरी कुणी असती तर एव्हाना रडून गोंधळ घातला असता. पोरगी सोन्यासारखी आहे, सुश्रुत, तुझं नशीब उघडलं बघ!

त्यांनी जरा चाचपून बघायचं ठरवलं.

"नोकरी आवडते वाटतं?"

"खूप. रोज वेगळी माणसं भेटतात."

"आणि लग्नानंतर सोडावी लागली तर?"

"बघू की," राही हसली. "तुमच्याकडे सुना नोकरी करतात का काकू?"

"एकच सून आहे. शाळेत शिकवायची. मीच म्हटलं, घरात काय कमी आहे? दिली सोडून."

"स्वतःहून?"

"आता सुरुवातीला रडली थोडी. घरात कोंडल्यासारखं होतं म्हणायची. उठसूट माहेर आठवायचं. मी चार महिने पाठवलंच नाही. मग होते गं सवय. माणसाला कशाचीही सवय होते." एवढं बोलून पद्माताई उठल्या आणि पुन्हा जाळीला भिडल्या. "अहो काका! मेला कुठं उलथलाय? जीव जाईल माझा इथं!"

"आता त्या काही म्हणत नाहीत?" राहीनं मागून विचारलं.

"कोण?"

"तुमच्या सूनबाई."

"नाही बाई. आता तोंडातून शब्द नाही काढत. गुणाची आहे."

राहीनं डब्याचं झाकण लावलं. मग ती लेण्याविषयी बोलत राहिली. इथं भिक्षू पावसाळ्याचे महिने राहायचे, या दगडी बाकावर झोपायचे, असं काहीबाही. पद्माताईंचं निम्मं लक्ष जाळीकडे आणि निम्मं राहीच्या बांगड्यांच्या मापाकडे होतं.

शेवटी एकदाचा दत्तात्रेय आला. पद्माताई बाणासारख्या बाहेर सुटल्या.

"डोळे फुटले होते का? नोकरीवरून काढायला लावीन तुम्हाला!"

"चुकलं बाई. ध्यानात न्हाय आलं," तो हात जोडून म्हणाला.

मोकळा वारा लागला तसा पद्माताईंचा राग निवळला. त्यांनी राहीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "गुणी आहेस हो! येते मी. परत भेट होईलच."

"सावकाश जा काकू."

बागेतल्या झोपाळ्यापाशी मोबाइलला रेंज आली. पद्माताईंना दम निघेना. "सुश्रुत! अरे, मुलगी एकदम पसंत! तिला कसला संशयसुद्धा आला नाही. कधी बघायला येऊ, विचारून टाक आजच!"

त्यांची गाडी वळणाआड गेली. दत्तात्रेयनं किल्ली कडदोऱ्याला अडकवली आणि राहीकडे पाहिलं.

"काय गं पोरी? ही सासू तरी बरी हाय का?"

"नाही काका," राही म्हणाली. "रविवारी महाडच्या काकू यायच्यात, त्यांना जरा जास्त वेळ कोंडा."