तीन म्हणजे आलो

बेन डुरा डोंगरावरच्या धुक्यातून सहा शिट्ट्या आल्या, म्हणजे कुणीतरी अडकलं होतं. बचाव पथकातल्या मर्डोनं ‘आलो’ सांगणाऱ्या तीन शिट्ट्या द्यायला शिट्टी ओठांशी नेली, तोच वरून कुणीतरी तीनदा वाजवली.

“कोण रे आगाऊ?”

“आम्ही सगळे तुझ्या मागेच आहोत, म्हाताऱ्या,” पथकातली इश्बेल हसली.

पाय मुरगळलेली पोरगी कड्याखाली सापडली. “सारखं उत्तर येत होतं, म्हणून मी जागची हलले नाही.”

मर्डोनं वर कड्याकडे पाहिलं. त्याची बायको एफी पथकात होती, तेव्हा तिला धीरच नसायचा. नेहमी त्याच्याआधी वाजवून मोकळी व्हायची. तिचा जीव गेला तो याच कड्यावर.

पोरीला स्ट्रेचरवर घेऊन सगळे वळले, तोच वरून सहा शिट्ट्या आल्या.

कुणी हललं नाही. मर्डोनं मात्र हळूच तीनदा वाजवली.