सवतीचं देऊळ

नुमिसियाने डोक्यावर पदर घेतला, तोच मागून नणंद पुटपुटली, "नीट घ्या हो वहिनी. सवतीची पुजारीण होणं काही सगळ्यांच्या नशिबी नसतं."

नुमिसियाने दात आवळले. रोमच्या भर चौकात कालव्हिनाचं देऊळ उभं होतं आणि आज ते उघडायचं होतं. एकेक खांब असा, की दोघांनी मिळून कवटाळला तरी हाताला हात लागू नये. वर दगडात कोरलेलं: देवी कालव्हिना. बाई गेली होती साध्या तापाने, चारचौघींसारखी. पण सम्राट पेडानियसने सिनेटकडून ठराव करून घेतला आणि त्याची पहिली बायको देवी झाली. तिची पहिली पुजारीण कोण, तर सम्राटाची दुसरी बायको, नुमिसिया. मोठा मान म्हणे.

मान कसला डोंबलाचा! हिच्यासाठी त्याने कधी साधं कारंजं बांधलं नव्हतं. मेलेलीसाठी मात्र डोंगर फोडून संगमरवर आणवला. आतल्या मूर्तीचं नाकसुद्धा सरळ करून दिलं होतं. जिवंतपणी ते कसं होतं, हे अख्ख्या रोमला ठाऊक होतं.

बासरी सुरू झाली. बळीची पांढरी कालवड वेदीपाशी आणली. म्हातारा पुरोहित एकेक वाक्य सांगणार आणि नुमिसियाने ते मागून म्हणायचं. एक शब्द जरी सुटला तरी केलेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून, नव्या कालवडीसकट. आणि सारखंच चुकत राहिलं तर लोक म्हणणार, देवीला हे देऊळ मान्य नाही.

"देवी कालव्हिना, हे घर तुझं," पुरोहित म्हणाला.

"कालव्हिना, हे घर तुझं," नुमिसिया म्हणाली.

बासरी थांबली. पुरोहिताने तिच्याकडे न बघताच सांगितलं, "पहिल्यापासून." कालवड बदलायला माणसं पळाली. नुमिसियाला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

दुसऱ्या खेपेलाही तिने तो शब्द गिळला. आता गर्दीत कुजबुज वाढली. मागच्या रांगेतले दोन सिनेटर एकमेकांकडे बघून गालात हसले.

पेडानियस तिच्याजवळ आला. चेहरा शांत, आवाज अगदी हळू. "किती जळशील तिच्यावर?"

"जिवंत बायको कोपऱ्यात आणि मेलेली देव्हाऱ्यात. जळू नको तर काय कौतुक करू?"

"मला गादी मिळाली ती तिच्या बापामुळे, आधीच्या सम्राटामुळे. मेल्यावर बाप देव झाला, मुलगी देवी, म्हणून त्यांचा जावई सम्राट. आज हे देऊळ उघडलं नाही, तर मागचे ते हसणारे उद्या आपल्याला घराबाहेर काढतील. तुलाही."

"म्हणजे माझ्यासाठी तुम्ही कधी काही बांधणारच नाही."

"असं कोण म्हणालं?" पेडानियसने तिचा घसरलेला पदर सगळ्यांदेखत नीट केला. "तिच्या शेजारची जागा तुझ्यासाठीच मोकळी ठेवलीय. फक्त जिवंत बाईचं देऊळ बांधायची आपल्यात पद्धत नाही."

एवढं बोलून तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

नुमिसियाने शेजारच्या जागेकडे पाहिलं. तिथली जमीन सपाट करून झाली होती. कडेला दगडही येऊन पडले होते.

तिसरी कालवड आली. पुरोहिताने वाक्य सांगितलं. या खेपेला 'देवी' हा शब्द तिने इतका खणखणीत उच्चारला, की चौकाच्या पार टोकाला ऐकू गेला. एकही अक्षर सुटलं नाही.

गर्दीतल्या एका बाईने डोळे पुसले. शेजारणीला म्हणाली, "सवतीवर एवढी माया मी तरी कुठे पाहिली नाही हो."